मॉरिसव्हिलच्या अंगणात मुंग्यांची सत्ता बदलतेय : अर्जेंटाइन हटल्या, नीडल अँट आल्या

मृदुला_मो (मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना)

रॅले, केरी, मॉरिसव्हिल भागात बाग करणारे मराठी लोक इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतेय. बाकीच्यांनीही जरूर लिहा.

आमच्या घरामागे लॉबलॉली पाइनची जुनी झाडं आहेत. दर उन्हाळ्यात त्यांच्या बुंध्यापासून डेकच्या कठड्यापर्यंत बारीक तपकिरी मुंग्यांची रांग लागते, दिवसाही आणि रात्रीही. या अर्जेंटाइन मुंग्या. गुलाबावर मावा पडला की त्या हजर, कचऱ्याच्या डब्यात आंब्याची साल पडली की हजर. गेल्या काही उन्हाळ्यांत मात्र रांगा विरळ होत गेल्या आणि घराच्या उत्तरेकडून तर पार नाहीशा झाल्या.

यंदा मार्चमध्ये पहाटे गाडीच्या काचांवर अजून बर्फ धरत होतं, तेव्हा वाफ्याच्या कडेचा ओंडका सरकवला. खाली काळ्या, चकाकत्या, लांबट मुंग्या अंडी-अळ्यांसकट पूर्ण कामाला लागलेल्या होत्या. बाकी एकही मुंगी जागी नव्हती. या रांग करत नाहीत, एकेकटी फिरतात आणि हात लागला की डंख मारतात. नाशिकहून आलेली माझी आई वाफ्यातलं तण काढत होती, तिच्या हातमोज्यात एक शिरली. मनगट तासन्‌तास ठणकत होतं. कळ थांबायची आणि पुन्हा उठायची.

शोधल्यावर कळलं की या एशियन नीडल अँट आहेत आणि त्यांच्यावरचं एक महत्त्वाचं काम आपल्या मॉरिसव्हिलमध्येच झालंय. आणखी कोणाच्या अंगणात हे दिसतंय का? फोटो जोडलाय.

---

विनायक_ग (केरी)

मृदुला, फोटोवरून मलाही नीडल अँटच वाटते. मी महाराष्ट्रात शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायचो, आता मुलाकडे असतो. या भागातल्या मुंग्या बघणं हा माझा रोजचा उद्योग आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ओळख. नीडल अँट साधारण ५ मिलिमीटर लांब असते. अंग काळपट आणि तुकतुकीत, पाय नारिंगी-तपकिरी, कमरेला एकच उंच गाठ आणि मागच्या टोकाला खरा डंख. ब्रॅकिपोनेरा चायनेन्सिस हे शास्त्रीय नाव. जुन्या लिखाणात पॅकिकॉन्डिला चायनेन्सिस सापडेल, मुंगी तीच. मूळ मुलूख चीन, कोरिया, जपान. अमेरिकेत १९३०च्या दशकात जॉर्जियात तिची पहिली नोंद झाली. पुढे कित्येक दशकं ती असून नसल्यासारखी होती.

अर्जेंटाइन मुंगी तिच्या निम्मी, अडीच-तीन मिलिमीटर, सगळीकडून एकसारखी तपकिरी. डंख नाही. ती दक्षिण अमेरिकेतल्या पराना नदीच्या खोऱ्यातली. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स बंदरात तिची नोंद झाली. ब्राझीलहून कॉफी घेऊन येणाऱ्या जहाजांतून ती आली असावी, असं मानलं जातं. म्हणजे मृदुलाच्या अंगणात भांडतायत त्या दोघीही परक्या आहेत, एक दक्षिण अमेरिकेची, दुसरी पूर्व आशियाची.

आता मॉरिसव्हिलचं काम. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एलेनॉर स्पायसर राइस आणि जूल्स सिल्व्हरमन यांनी इथल्या एका ऑफिस पार्कमध्ये २००८ ते २०११ या दोन मुंग्यांची पाहणी केली. २००८ मध्ये पाहणीच्या ९९ टक्के जागी अर्जेंटाइन मुंग्या होत्या आणि नीडल अँट फक्त ९ टक्के जागी. २०११ मध्ये अर्जेंटाइन ६७ टक्क्यांवर आल्या, नीडल अँट ३२ टक्क्यांवर गेल्या. तीन वर्षांत एवढी उलथापालथ. आणि अर्जेंटाइन मुंगी ही काही लेचीपेची जात नाही. जिथे गेली तिथल्या स्थानिक मुंग्यांचा तिने फडशा पाडलाय, तिला हटवणारं कोणी सहसा भेटत नाही.

---

अमोघ_देशकर (एपेक्स)

काका, हे मला समजत नाहीये. अर्जेंटाइन मुंग्यांची संख्या लाखांत असते. नीडल अँटची वारुळं लहान, शिवाय एकेकटी फिरणारी मुंगी. मग हरते ती मोठी फौज कशी?

---

विनायक_ग (केरी)

अमोघ, लढाई उन्हाळ्यात दिसते, पण निकाल मार्चमध्ये लागलेला असतो.

अर्जेंटाइन मुंगी ऊबदार प्रदेशातली. थंडी आली की तिची पसरलेली वसाहत आक्रसते. उन्हाळ्यात शंभर ठिकाणी विखुरलेली लहान-लहान वारुळं हिवाळ्यात मोजक्या जागी एकवटतात. आपल्याकडे या जागा म्हणजे बहुतेकदा मोठ्या लॉबलॉली पाइनचे बुंधे, तेही उन्हाची बाजू. तिथली माती आसपासपेक्षा उबदार असते आणि झाडावरच्या किडींचा गोड चिकट स्रावही हिवाळाभर मिळत राहतो. पूर्व अमेरिकेत ही मुंगी उत्तरेकडे फारशी सरकत नाही, तेही हिवाळ्यात जमीन फार गार पडते म्हणूनच. ऊब वाढली की ती त्या बुंध्यापासून पुन्हा पायी पसरायला लागते. पायी म्हणतो कारण तिच्या राण्या उडून जात नाहीत. मीलन वारुळातच होतं आणि मग राणी थोड्या कामकरी मुंग्या घेऊन चालत शेजारी बिऱ्हाड थाटते. दरवर्षी सोडलेली जमीन तिला दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.

नीडल अँटला थंडीचं तेवढं वावडं नाही. ती साधारण महिनाभर आधी जागी होते. अंडी घालणं, नवी वारुळं करणं, भक्ष्याच्या जागा धरणं, सगळं अर्जेंटाइन पाइनखाली गोळा होऊन बसलेली असतानाच उरकतं. मे महिन्यात अर्जेंटाइन आपल्या जुन्या जागेवर येते तेव्हा तिथे भरलेलं, डंख असलेलं वारूळ असतं. एकदा ओंडक्याखालची जागा गेली की ती परत मिळवायला फौज खर्ची पडते आणि त्या फौजेला शेजारच्या दहा जागाही परत घ्यायच्या असतात.

म्हणून मृदुलाने मार्चमध्ये जे पाहिलं ते मला जून-जुलैच्या रांगांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. बहुतेक लोक मुंग्या दिसायला लागल्यावर बघतात.

---

ऋता_पाटणकर (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे बे एरियात अर्जेंटाइन मुंग्यांचंच राज्य आहे. पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर, गुळाच्या डब्याभोवती, पाण्याच्या फिल्टरखाली मुंग्याच मुंग्या. तुमच्याकडे हिवाळ्यात दिसेनाशा होतात आणि आमच्याकडे हिवाळ्यातच घरात येतात.

स्टॅनफर्डच्या डेबोरा गॉर्डन यांनी इथल्या घरांमध्ये हे तपासलं होतं. लोकांनी आपापल्या घरात मुंग्या कधी येतात याच्या नोंदी दीड वर्ष ठेवल्या. मुंग्या घरात शिरण्याचे दोनच मोठे काळ निघाले : थंड-ओला आणि कडक-कोरडा. बाहेर हवा ठीक असेल तेव्हा त्या आपणहून निघून जातात. कीटकनाशक मारलं की नाही याने फारसा फरक पडला नव्हता. मी हे वाचल्यापासून फवारणी बंद केली. साबणाच्या पाण्याने रांग पुसायची, भेग बुजवायची आणि पाऊस थांबायची वाट बघायची.

आणखी एक, जे मला फार आवडतं. स्टॅनफर्डच्या जॅस्पर रिज राखीव टेकडीवर एक स्थानिक मुंगी अर्जेंटाइनला पुरून उरलीय. विंटर अँट, प्रेनोलेपिस इम्पॅरिस. नावाप्रमाणे ती थंडीत कामाला लागते आणि बाकीच्या मुंग्या ऐन भरात असतात त्या उन्हाळ्यात बिळाचं तोंड लिंपून आत खोल बसून राहते. आणि सामना झालाच तर पोटाच्या टोकातून पांढरट थेंब सोडते. प्रयोगात ज्या अर्जेंटाइन मुंग्यांना तो थेंब लागला, त्यांतल्या ७९ टक्के मेल्या. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यात विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या निरीक्षणांचा मोठा वाटा होता.

---

विनायक_ग (केरी)

ऋता, उत्तम उदाहरण. विंटर अँट आपल्या नॉर्थ कॅरोलिनातही आहे. जानेवारीत थोडं ऊन पडलं की ओकच्या बुंध्यावर चढताना दिसते. पोटं फुगलेल्या कामकरी असतात, त्या शरीरात चरबी साठवून उन्हाळा काढतात. कृपया कोणी तिला नीडल अँट समजून मारू नका. तिला डंख नाही.

---

सारंग७८ (सॅन दिएगो)

अर्जेंटाइनबद्दल आमच्या बाजूची माहिती. इथे त्या एकमेकींशीच लढतात.

कॅलिफोर्नियात एक प्रचंड वसाहत आहे, सॅन दिएगोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्याही पुढे पसरलेली. त्या पट्ट्यातली कुठलीही मुंगी उचलून शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या वारुळात सोडली तर तिला कोणी हात लावत नाही. तिच्या कडेला, आमच्या काउंटीच्या आसपास, लहान वेगळ्या वसाहती आहेत. लेक हॉजेस ही त्यातली एक. या दोन्हींच्या सीमा एस्कॉन्डिडो भागात घरांच्या अंगणांतून, फुटपाथच्या कडेने जातात. तिथे मेलेल्या मुंग्यांचे ढीग लागतात. मेलिसा थॉमस, डेव्हिड होल्वे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेला अंदाज असा, की सीमेवर सहा महिन्यांत सुमारे दीड कोटी मुंग्या मेल्या. आणि सीमा जेमतेम काही मीटर इकडे-तिकडे.

ओळख पटते ती अंगावरच्या मेणासारख्या थराच्या वासावरून. तो वास जुळला तर आपली, नाही जुळला तर तिथल्या तिथे तुकडे. युरोपातही इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत ६००० किलोमीटर एकच वसाहत आहे आणि तिच्या शेजारी कॅटलोनियातली दुसरी, वैरीण. युरोप, कॅलिफोर्निया आणि जपानमधल्या मोठ्या वसाहतींच्या मुंग्या एकत्र आणल्या तर त्याही भांडत नाहीत. समुद्रापलीकडे जाऊनही कुळ एकच राहिलंय.

तुमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनात अशी एकच मोठी वसाहत आहे का?

---

विनायक_ग (केरी)

नाही, आणि मृदुलाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. ग्रझेगोर्झ बुझकोव्स्की, एडवर्ड व्हार्गो आणि सिल्व्हरमन यांनी २००४ मध्ये दाखवलं की आग्नेय अमेरिकेतल्या अर्जेंटाइन वसाहती लहान आहेत, त्यांच्यात आनुवंशिक विविधता जास्त आहे आणि शेजारच्या वसाहती एकमेकींवर तुटून पडतात. कॅलिफोर्नियात जी फौज एकसंध आहे ती इथे तुकड्यातुकड्यांत आहे. एका बाजूला भाऊबंदकी, दुसऱ्या बाजूला नीडल अँट. नीडल अँटच्या सरशीत याचा वाटा किती हे कोणी मोजलेलं माझ्या वाचनात नाही, पण मला तो दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही.

वासाचा विषय निघालाच आहे तर सिल्व्हरमन यांच्याच प्रयोगशाळेतली गोष्ट सांगतो. २००० साली त्यांनी आणि डांगशेंग लियांग यांनी एकाच वारुळातल्या अर्जेंटाइन मुंग्यांचे दोन भाग केले आणि एका भागाला तपकिरी पट्ट्यांची झुरळं खायला घातली. झुरळाच्या अंगावरचं मेण मुंग्यांच्या अंगावर चढलं. परत एकत्र सोडल्यावर सख्ख्या बहिणींनी बहिणींना फाडलं. काय खाल्लं एवढ्यावरून आपली मुंगी परकी ठरली.

---

प्रज्ञा_वाघोले (पेअरलँड, टेक्सस)

आमच्या गावच्या माणसाचं नाव मुंग्यांच्या इतिहासात आहे, म्हणून लिहितेय. २००२ मध्ये इथल्या टॉम रासबेरी नावाच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला जवळच्या पॅसाडेनामध्ये एक लालसर, वेडीवाकडी पळणारी मुंगी अफाट संख्येने सापडली. टेक्ससमध्ये लोक तिला रासबेरी क्रेझी अँटच म्हणायचे. २०१२ मध्ये तिची नक्की ओळख पटली : नायलँडेरिया फुल्व्हा, टॉनी क्रेझी अँट, दक्षिण अमेरिकेची.

आमच्याकडे त्याआधी राज्य होतं फायर अँटचं. तीही दक्षिण अमेरिकेचीच, १९३०च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरातून शिरलेली. तिच्या डंखाला सगळं टेक्सस घाबरतं. पण क्रेझी अँट आली आणि फायर अँटची वारुळं ओस पडली. कारण २०१४ मध्ये एड लेब्रन आणि सहकाऱ्यांनी शोधलं. फायर अँटचं विष अंगावर पडलं की क्रेझी अँट मागच्या पायांवर उभी राहते, पोट पुढे वळवते, स्वतःचं फॉर्मिक ॲसिड तोंडात घेते आणि अंगभर चोळते. विष निकामी होतं. असं करू दिलेल्या मुंग्यांतल्या ९८ टक्के जगल्या. ज्यांची ॲसिडची वाट नेलपॉलिशने बंद केली होती त्यांतल्या ४८ टक्केच जगल्या.

आम्हाला आधी बरं वाटलं होतं, फायर अँट गेल्या म्हणून. ते समाधान एका उन्हाळ्यापुरतं टिकलं. क्रेझी अँट डंख मारत नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. एसीच्या बाहेरच्या डब्यात, गेटच्या मोटरमध्ये शिरून शॉर्ट सर्किट करतात. शेजारच्या काकूंच्या कोंबड्यांच्या खुराड्यात काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

आणि हिवाळ्याचा संबंध इथेही आहे. काही ठिकाणच्या क्रेझी अँट आपोआप कोसळायला लागल्या. मायक्रोस्पोरिडिया या बुरशीच्या जवळच्या गटातला एक सूक्ष्मजीव त्यांच्यात पसरला होता. तो कामकरी मुंग्यांचं आयुष्य कमी करतो. हिवाळ्यात नवी पिल्लं येत नाहीत, जुन्या मुंग्यांनीच वसंतापर्यंत तग धरायचा असतो, आणि त्या तेवढ्या जगतच नाहीत. लेब्रन यांच्या गटाने २०२२ मध्ये लिहिलं की पाहणीत असलेल्या १५ ठिकाणांपैकी जिथे हा रोग होता तिथे प्रत्येक ठिकाणी संख्या घटली आणि ६२ टक्के ठिकाणी त्या पूर्ण नाहीशा झाल्या.

---

मृदुला_मो (मॉरिसव्हिल)

प्रज्ञा, खूप धन्यवाद. "एक गेली म्हणून बरं वाटलं" हे मला नीट लक्षात ठेवायचंय, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अगदी हेच चाललंय. अर्जेंटाइन कमी झाल्या म्हणून लोक खूश आहेत. त्यांना नीडल अँट दिसतच नाहीत, कारण रांग नाही.

---

केदार_एनसी (केरी)

मी सरळ विचारतो. वर्षातून चार वेळा घराभोवती फवारणीचं कंत्राट असतं, ते घेतलं की प्रश्न संपतो ना? मुलं लहान आहेत, कुठली मुंगी परदेशी आणि कुठली देशी हे बघत बसायला वेळ नाही.

---

विनायक_ग (केरी)

केदार, मुलं लहान आहेत म्हणूनच सांगतो, जरा बघच.

घराभोवतीची फवारणी रांगेने येणाऱ्या मुंगीला लागते, कारण ती त्या पट्ट्यावरून हजारोंनी ये-जा करते. नीडल अँट ओल्या पानांच्या थरात, ओंडक्याखाली, मल्चमध्ये (मातीवर पसरलेल्या लाकडाच्या सालींच्या थरात) राहते आणि तिथेच शिकार करते. तिचं आवडतं भक्ष्य वाळवी. घरात यायची तिला गरजच नसते. तुझा फवारा प्रामुख्याने अर्जेंटाइन आणि गरीब स्थानिक मुंग्या मारेल आणि रिकामी जमीन सगळ्यात लवकर जागी होणारीला मिळेल.

गोड जेलच्या आमिषाचंही तसंच. अर्जेंटाइन त्यावर झुंबड करते, नीडल अँट ढुंकून बघत नाही. तिला प्रथिनांचं आमिष लागतं, आणि ते एका जागी डबीत ठेवण्यापेक्षा तिच्या वावरात पातळ विखरून टाकणं सयुक्तिक, कारण ती वाटेवर गंध टाकून साऱ्या वारुळाला बोलावत नाही. तिची पद्धत न्यारी आहे. एकीला मोठं भक्ष्य सापडलं की ती वारुळात परत जाते, एका सोबतिणीला उचलते आणि तिला अक्षरशः वाहून भक्ष्यापाशी नेऊन ठेवते. बेन्वा गेनार आणि सिल्व्हरमन यांनी २०११ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा अन्न शोधण्याची ही तऱ्हा कुठल्याच मुंगीत नोंदलेली नव्हती.

औषधापेक्षाही आधी करायच्या गोष्टी : कुजके ओंडके, जुने रेल्वेचे स्लीपर, भिंतीला टेकलेला मल्चचा जाड थर काढ. मल्च दोन बोटांपेक्षा जाड ठेवू नको. वाळवी कमी झाली, ओल कमी झाली की नीडल अँटचा तिथला मुक्काम हलतो.

---

डॉ_स्नेहल (चॅपल हिल)

वैद्यकीय बाजू लिहिते, कारण ही मुंगी त्या दृष्टीने दुर्लक्ष करण्यासारखी नाही. कोरिया आणि जपानमध्ये हिच्या डंखाने ॲनाफिलॅक्सिस झाल्याच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेतही आहेत. बहुतेकांना फक्त जळजळ, लाली, थोडी सूज आणि मृदुलाच्या आईंना झाली तशी येऊन-जाऊन कळ. बर्फ लावा, चोळू नका.

पण डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, घसा आवळल्यासारखा वाटला, धाप लागली, उलट्या किंवा चक्कर आली, तर घरी थांबू नका, लगेच ९११. आधी मधमाशी किंवा गांधीलमाशीची ॲलर्जी असलेल्यांनी एपिपेन (ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) बागेत सोबत ठेवावं. भारतातून आलेल्या आई-वडिलांना हे मुद्दाम सांगा. आपली पिढीच्या पिढी मुंगी चावली तर सांगायचं काय त्यात, या विचाराची आहे. मुंगी कपड्यात किंवा मोज्यात अडकली की डंख मारते, त्यामुळे हातमोजे घालण्याआधी झटका आणि पायजमा मोज्यात खोचा.

---

केदार_एनसी (केरी)

डॉक्टर, काका, धन्यवाद. कंत्राट थांबवतो. या वीकेंडला आधी मागचे स्लीपर उचलून बघतो.

---

गौरी_आगाशे (डरहम)

मी इथल्या जंगलात रानफुलं बघायला जाते, त्या अंगाने थोडं.

आपल्याकडच्या ओक-पाइनच्या जंगलात बऱ्याच रानफुलांच्या बिया मुंग्या पेरतात. बीला एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो. ॲफीनोगॅस्टर नावाची स्थानिक मुंगी बी उचलून वारुळात नेते, तो तुकडा खाते आणि बी टाकून देते. बी रुजते ती अशी, मूळ झाडाच्या सावलीपासून दूर आणि उंदरांपासून लपून. हेक्सास्टायलिस नावाची जमिनीलगत वाढणारी, हृदयाच्या आकाराच्या पानांची वनस्पती या मुंग्यांवर बरीच अवलंबून आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं की नीडल अँट आलेल्या जागी ॲफीनोगॅस्टर जवळजवळ उरत नाही आणि या बिया फार कमी उचलल्या जातात. नीडल अँट स्वतः ते काम करत नाही.

अर्जेंटाइन मुंगी बहुतांशी माणसाने फिरवलेल्या जमिनीवर राहते : लॉन, पार्किंगची कड, वाफे. नीडल अँट मात्र गच्च, जुन्या जंगलातही आत शिरते. म्हणून मला या बदलाची भीती वाटते. अंगणातली सत्ता कोणाकडे गेली यापेक्षा ती अंगणाच्या पलीकडे कुठे निघालीय हे जास्त महत्त्वाचं आहे. इनो नदीकाठच्या पायवाटेवर मार्चमध्ये पडक्या ओंडक्याखाली मला हीच काळी मुंगी दिसलीय. तिथे कुठलंही ऑफिस पार्क नाही.

---

नीलेश_संगमेश्वर (रत्नागिरी)

लांबून वाचतोय. आमच्याकडे आंबा-काजूवर ओंबिले असतात, लाल, पानं शिवून घरटं करणारे. एका बागेत दोन वेगळ्या घराण्यांचे ओंबिले असले तर मधलं एखादं झाड दोघेही सोडून देतात, आणि फांदीला फांदी लागली की तुंबळ. पण ते इथलेच आणि बागेला उपयोगी, बरीच कीड खातात. परक्या मुंगीने गावच्या गाव हैराण केल्याचं भारतातलं उदाहरण म्हणजे तमिळनाडूतलं दिंडीगुल. २०२२ मध्ये करंदमलई जंगलाच्या पायथ्याच्या गावांत यलो क्रेझी अँट एवढ्या झाल्या की गुरांना, शेळ्यांना बांधून ठेवणं कठीण झालं. त्या डंख मारत नाहीत, फॉर्मिक ॲसिड उडवतात.

मला एक विचारायचंय. अर्जेंटाइन मुंगीच्या एका वारुळात अनेक राण्या असतात ना? मग हिवाळ्यात नुकसान झालं तरी वसंतात ती भरून काढायला हवी.

---

विनायक_ग (केरी)

नीलेश, राण्या पुष्कळ असतात, आणि वसंतातच त्या राण्यांचं काय होतं हे या मुंगीचं सगळ्यात विलक्षण ऋतुवर्तन आहे. लॉरेंट केलर आणि ल्युक पासेरा यांनी १९८९ मध्ये फ्रान्समधल्या वारुळांवरून लिहिलं : दर वसंतात कामकरी मुंग्या आपल्याच सुमारे ९० टक्के राण्या मारून टाकतात. मे महिन्यात, नव्या राण्या तयार होण्याच्या थोडं आधी. कोणती मारायची आणि कोणती ठेवायची हे नात्यावर ठरत नाही, जास्त अंडी घालणारी वाचते असंही नाही. कारण आजही पक्कं सांगता येत नाही. एवढं खरं की ज्या काळात शेजारी एक परकी जात नवी वारुळं भरते आहे त्याच सुमाराला ही आपल्या राण्यांची संख्या एक दशांशावर आणते. मॉरिसव्हिलमध्ये याचा काही परिणाम होतो का, हे कोणीतरी तपासायला हवं. मला स्वतःला ते फार करावंसं वाटतं.

---

मृदुला_मो (मॉरिसव्हिल)

काका, मग करूया. आमच्या रस्त्यावरची काही घरं तयार आहेत, गौरी आणि केदार पण असतील तर मॉरिसव्हिल, केरी, डरहम तिन्ही बाजू येतील. पुढच्या फेब्रुवारीपासून दर शनिवारी ठरलेल्या जागी दोन कार्ड ठेवायची, एकावर साखरेचं पाणी, एकावर डब्यातला टूना मासा. तासाभराने कोण आलंय ते लिहायचं. सोबत मातीचं तापमान, स्वयंपाकघरातल्या साध्या थर्मामीटरने.

---

विनायक_ग (केरी)

उत्तम. त्यात एवढ्या गोष्टी जोड. प्रत्येक अंगणात एक कार्ड पाइनच्या दक्षिणेच्या बुंध्याशी आणि एक सावलीतल्या ओंडक्यापाशी हवंच, नाहीतर अर्जेंटाइन झोपलीय की तिथे नाहीच हे कळणार नाही. टूनाचं कार्ड रिकामं राहिलं तरी ओंडका उचलून बघायचा, कारण नीडल अँट आमिषावर येईलच असं नाही. तापमान हवेचं नको, मातीत चार बोटं खोल. पाऊस झाला असेल तर तसं लिहायचं. काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही.

आणि ओळखीसाठी गुळगुळीत काचेची बरणी वापरा, प्लॅस्टिकचा खरखरीत डबा नको. नीडल अँटला उभ्या काचेवर चढता येत नाही, ती तळाशीच फिरत राहते. अर्जेंटाइन सरळ चढून येते. शंका राहिली तर मुंगी रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून, तारीख आणि जागा पेन्सिलीने लिहून, काउंटी एक्स्टेंशन ऑफिसात (स्थानिक शेतकी सल्ला कार्यालयात) द्या. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

---

केदार_एनसी (केरी)

स्लीपर उचलले. तिसऱ्याखाली काळ्या, चकाकत्या, पाय नारिंगी. बरणीत टाकल्या, चढत नाहीयेत. फोटो जोडतोय. माझं नाव शनिवारच्या यादीत टाका.